लहान पेटी कीं मोठी?

दरवर्षीं वार्षिक परीक्षा आटोपली म्हणजे एखादे तरी पालक मजकडे येतात आणि विचारतात, "गुरुजी, मुलाला बाजाची पेटी घ्यावयाची आहे, लहान घ्यावी कीं मोठी?" प्रश्न साधा दिसतो. परंतु घटकाभर बोलणें झालें कीं त्याच्या पोटांत दुसराच प्रश्न असल्याचें ध्यानांत येतें. मोठी पेटी, आणि तिच्याहूनही पायानें वाजवावयाचा ऑर्गन, हें घरंदाजपणाचें व उपासनामंदिराचें वाद्य; लहान हातपेटी ही भजनी मंडळाची, तमाशाची, शिकाऊ पोरांची, किंवा फार तर मुलींची; अशी एक समजूत आपल्या मनांत घर करून बसली आहे. याच्या उलट बोलणारेही भेटतात. त्यांच्या मतें ऑर्गन म्हणजे निव्वळ साहेबी थाट, आणि खरी भक्ति काय ती मांडी घालून वाजविलेल्या लहान पेटींत. दोहों पक्षांचें ऐकून झालें कीं मी एवढेंच विचारतों, "मुलगा गाणार काय, आणि गाणार कोठें?" या प्रश्नाचें उत्तर बहुधा कोणाजवळच तयार नसतें.

वास्तविक या दोन्ही वाद्यांचा वंश एकच. वाऱ्यानें थरथरणारी पितळेची पातळ जीभ, जिला आपण नुसतें 'सूर' म्हणतों, ती दोहोंचा प्राण होय. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्यें आलेक्सांद्र दबें या कारागिरानें हार्मोनियम तयार केली. त्याच काळीं अमेरिकेंत मेलोडियन नांवाची, पायांवर उभी राहणारी आटोपशीर पेटी पुष्कळ घरांत वाजूं लागली होती, व पुढें तिची जागा मोठ्या ऑर्गननें घेतली. फ्रेंच पेटीचा भाता हवा सुरांतून बाहेर लोटतो. अमेरिकन ऑर्गनचा भाता ती आंत ओढून घेतो, आणि म्हणून त्याचा नाद कांहीसा मऊ लागतो. आपली हातपेटी या बाबतींत फ्रेंच घराण्याची आहे.

आपल्या नगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें १८३१ सालीं पडलें. मिशनरी लोकांच्या गीतांची बांधणी त्यांच्या देशाची होती. एकाच वेळीं चार आवाजांनीं चार निरनिराळे सूर म्हणावे, अशी. चार सूर वाजवावयाचे तर दोन्ही हात मोकळे पाहिजेत, आणि दोन्ही हात मोकळे हवेत तर भाता पायांकडे गेला पाहिजे. खर्जाच्या आवाजासाठीं पट्ट्याही अधिक लागतात. पायपेटीच्या मोठेपणाचें मूळ कारण एवढेंच. प्रतिष्ठा तिला मागाहून आपण चिकटविली.

पुढें कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या आरंभींच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनीं, आणि १८९५ सालीं बाप्तिस्मा घेऊन पुढें नगरास राहिलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं, ख्रिस्तभक्ति आपल्या पदांत व अभंगांत आणली. अभंगाला चार निरनिराळे आवाज नकोत. एकानें ओळ म्हणावी, टाळ वाजावा, आणि सर्वांनीं तीच ओळ उचलावी. तेथें एक हात पट्ट्यांवर व एक भात्यावर असला म्हणजे काम भागतें. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकांत जमिनीवर ठेवून वाजविण्याजोगी हातपेटी प्रचारांत आणली, ती जणूं या कामासाठींच! वाजविणारा गाणाऱ्यांच्या बरोबरीनें सतरंजीवर बसतो, त्यांच्या तोंडाकडे पाहतो, आणि कोणाचा आवाज कोठें थकला हें त्याला दिसतें. ऑर्गनवर बसणाऱ्याची पुष्कळदां मंडळीकडे पाठ असते, हें सहज जातां जातां सांगतों.

ऑर्गन तेवढा पवित्र, ही समजूत तपासावयाची असेल तर नाटकगृहांत डोकवावें. १९१३ सालीं निघालेल्या गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्वांच्या पदांना साथ ऑर्गनची असे. म्हणजे ज्या वाद्याकडे पाहून आमच्या घरचीं वडील माणसें 'हें मंदिराचें' म्हणत, त्याच्याकडेच पाहून पुण्यामुंबईचे रसिक 'हें नाटकाचें' म्हणत. त्याच मंडळीच्या संस्थापकांपैकीं गोविंदराव टेंबे यांनीं हार्मोनियमचें एकट्यानें वादन करून नांव मिळविलें, आणि पेटी ही दुसऱ्याच्या मागें बसण्यापुरतीच आहे हा समज बराच ढिला केला. लाकूड व पितळ यांस जातपात नसते. ती ऐकणाऱ्याच्या कानांत असते.

आतां आंतील रचनेकडे वळूं. प्रत्येक पट्टीखालीं एक, दोन किंवा तीन सूर बसविलेले असतात. त्यांपैकीं मधल्या सप्तकाच्या सुरास कारागीर नर म्हणतात, त्याच्या खालच्यास खर्ज व वरच्यास मादी. मोठ्या पेटीचा आवाज भरदार वाटतो तो मुख्यतः या दुहेरी-तिहेरी सुरांमुळें. परंतु तीन सूर एकाच वेळीं बोलूं लागले म्हणजे हवाही त्या मानानें अधिक खातात. दहा वर्षांच्या मुलाचा हात भात्यावर लवकर थकतो, आणि हात थकला कीं सूर डगमगतो. शिवाय खर्जाची जीभ लांब व जड असल्यामुळें बोलूं लागण्यास ती किंचित् उशीर करते. जलद तानेंत तें जाणवतें. एकेरी सुराच्या लहान पेटींत हवेचा सांठा थोडा असतो. भाता हलका पण सारखा चालवावा लागतो, आणि तो चुकला कीं चूक लागलीच ऐकूं येते. शिकणाऱ्यास हा लाभच आहे.

पट्ट्यांच्या संख्येचाही उगाच बाऊ केला जातो. तीन सप्तकांच्या पेटीस ३७ पट्ट्या असतात, साडेतीनच्या पेटीस सुमारें ४२. सामान्य गाणाऱ्याचा आवाज दोन सप्तकांच्या आसपासच फिरतो. पुरुषाचा षड्ज पुष्कळदां काळी एक किंवा काळी दोनवर येतो, स्त्रियांचा व लहान मुलांचा काळी चार किंवा काळी पांचवर; आणि दोघांनाही ३७ पट्ट्यांत ऐसपैस जागा मिळते.

येथपर्यंत वाचून मी लहान पेटीचा वकील आहें असें कोणास वाटेल. तसें नाहीं. आमच्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतों. मुलीचा आवाज मोकळा व खणखणीत, पट्टी काळी पांच. वडिलांनीं तिच्या भावासाठीं तिहेरी सुरांची मोठी पेटी आणली, आणि तिच्यासाठीं एकेरी सुराची लहानशी. "मुलीला एवढी पुरे" म्हणून. भाऊ गात नव्हताच. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं उघड्या पटांगणांत तीनशें माणसांपुढें ती गावयास बसली, तेव्हां तिच्याच आवाजाखालीं पेटी बुडून गेली. तिला आपला षड्ज ऐकूं येईना. दुसऱ्या कडव्यांत ती सुरावरून ढळली, आणि लोक हंसले. दोष मुलीच्या गळ्याचा ठरला! पुढें वर्षभर तिनें लोकांपुढें गाण्याचें नांव काढलें नाहीं. तिला भावाची पेटी दिली असती तर हें टळलें असतें, असें मला अजून वाटतें.

दुसरी हकीकत माझ्या स्वतःच्या पदरची आहे. एका खेड्यांतील मंडळीनें सुगीच्या दिवसांत धान्य व पैसा जमवून एक जुना ऑर्गन विकत घेतला. तो ठेवण्याचा समारंभ झाला, फुलें वाहिलीं. वाजविणारे मात्र एकच शिक्षक होते, आणि वर्षाच्या आंत त्यांची बदली झाली. ऑर्गनवर कापड पडलें. कापडाखालीं उंदीर शिरले व त्यांनीं भात्याचें कातडें कुरतडलें. जुनी हातपेटी कोपऱ्यांत चांगल्या स्थितींत होती, आणि ती वाजविणारे चार तरुणही होते. परंतु ऑर्गन असतांना ती बाहेर काढणें पंचांस कमीपणाचें वाटलें. दोन वर्षें त्या मंदिरांत कोणतेंच वाद्य वाजलें नाहीं, आणि त्या चौघांपैकीं दोघे उपासनेस येईनासे झाले. त्या पंचांत मीही होतों.

पेटीविषयीं आणखी एक मत आहे, तें लहानमोठी असा भेद न करतां पेटीलाच नांवें ठेवतें. तें पोकळ नाहीं. षड्ज सेकंदास २४० कंपनांचा धरला तर गळ्यांतून निघणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा होतो. पेटीचा गंधार सुमारें ३०२.४ चा असतो, कारण तिचें सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलें आहे. दोन्ही एकदम लागले म्हणजे सेकंदास दोनतीन वेळां लाट उठते. पंचमांत हा फरक नांवाला आहे. ३६० च्या ठिकाणीं ३५९.६. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं बावीस श्रुतींचा अभ्यास करून, क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साह्यानें श्रुतींची हार्मोनियम करविली, ती हें व्यंग घालविण्यासाठींच. १९४० सालीं नभोवाणीनें हार्मोनियमला बंदी केली, आणि ती सैल होण्यास १९७० नंतरचा काळ यावा लागला. हें व्यंग दोन्ही पेट्यांत सारखेंच आहे. मात्र मोठ्या पेटीच्या गोंगाटांत मुलाचा कान त्या चुकीच्या गंधाराला लवकर सरावतो. म्हणून तंबोरा जवळ असेल तर गळा तंबोऱ्यावर तयार करावा, व पेटी साथीपुरती धरावी.

दुकानांत जातांना मुलाला बरोबर न्यावें. पुष्कळ पालक नेत नाहींत. प्रथम त्याला पेटीवांचून एक गीत म्हणावयास लावावें, व त्याची पट्टी कोणती तें पाहावें. त्या पट्टीचा षड्ज धरून खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंत एकेक सूर सावकाश वाजवून घ्यावा. एखादा सूर घोगरा बोलला किंवा उशिरां उठला तर दुकानदाराच्या "वापरानें सुटेल" या शब्दावर विसंबूं नये. चार आवाजांचीं गीतें वाजवावयाचीं असतील, वाजविणारे दोघेतिघे असतील, व जागा कायमची असेल, तर खुशाल पायपेटी घ्यावी. वस्तीवस्तीवर जाऊन भजन करावयाचें असेल, तर एका माणसाला सायकलवर बांधून नेतां येईल एवढीच घ्यावी. शेवटीं भाता पूर्ण भरावा, एकही पट्टी दाबूं नये, आणि पाहत बसावें. चांगल्या पेटीचा भाता बराच वेळ फुगलेला राहतो. तो झरझर खालीं आला तर हवा कोठें तरी फुटते आहे असें समजावें. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यांत लाकूड आकसून सांधे उघडतात, तेव्हां ही परीक्षा मे महिन्यांत केलेली सर्वांत बरी.