टीबी म्हटलं, निघाला कॅन्सर

‘थुंकीत काही सापडलं नाही, पण एक्स-रेवर डाग दिसला, म्हणून टीबीची औषधं सुरू केली. चार-पाच महिन्यांनी कळलं की तो फुप्फुसाचा कॅन्सर आहे.’ आपल्याकडच्या कित्येक कुटुंबांची कहाणी अशीच सुरू होते. उलटही घडतं. पोटात पाणी झालेल्या बाईला अंडाशयाचा कॅन्सर समजून शस्त्रक्रियेला घेतात आणि आत टीबी निघतो. दोन्ही घरांत मग चूक कोणाची, हाच विषय उरतो. त्या नादात जे लगेच करायला हवं ते राहून जातं, आणि त्यामागे बहुतेकदा काही पक्के गैरसमज असतात.

आधी हे दोन आजार इतके सारखे का भासतात ते पाहू. जुना खोकला, बारीक ताप, घटणारं वजन, मेलेली भूक, थुंकीतून रक्त ही लक्षणं दोन्हींत असतात. एक्स-रेवरची सावलीही सारखी दिसू शकते. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात टीबी आधी यावा यात वावगं काही नाही. घात पुढच्या पायरीवर होतो. जंतू सापडलेला नसताना औषधं सुरू होतात आणि फेरतपासणी कधी करायची हे कोणी ठरवतच नाही.

म्हणून पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज: ‘औषधाने बरं वाटतंय, म्हणजे निदान बरोबर आहे.’ टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन हे इतर अनेक जंतूंवरही चालतं. कॅन्सरच्या गाठीमुळे श्वासनलिका अडली की तिच्या पलीकडे जंतुसंसर्ग होतो. तो या औषधाने कमी झाला की ताप उतरतो, खोकला थोडा निवळतो, आणि गाठ मात्र तिथेच असते. स्टेरॉइडचंही तसंच. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, गाठी स्टेरॉइडने काही काळ विरघळल्यासारख्या लहान होतात आणि नंतर बायोप्सीसाठी काढलेल्या तुकड्यातही नीट उत्तर मिळत नाही. उपचार सुरू होतानाच डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: निदान कशावरून केलं, दुसरं काय असू शकतं, आणि फरक पडला नाही तर कधी आणि कोणती तपासणी करायची. सीबीनॅट चाचणी थुंकीतल्या टीबीच्या जंतूंचा जनुकीय माग साधारण दोन तासांत काढते. ती झाली आहे का, हेही विचारावं. मात्र ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच असं होत नाही, आणि टीबी सापडला म्हणून कॅन्सर नाही असंही नाही. दोन्ही एकाच फुप्फुसात असू शकतात.

‘पेट स्कॅनमध्ये चमकलं, म्हणजे कॅन्सरच’ ही दुसरी समजूत. या स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. ती जास्त ओढून घेणाऱ्या पेशी चमकतात, आणि टीबीने सुजलेल्या गाठीही ती ओढतात. रक्तातल्या सीए-१२५ या मार्करचंही तेच. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये तो वाढतो, तसाच पोटाच्या टीबीत आणि एंडोमेट्रिओसिस या कॅन्सर नसलेल्या आजारातही वाढतो. स्कॅन आणि मार्कर संशय दाखवतात. खात्री बहुतेक वेळा शरीरातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होते.

आणि नेमका तोच तुकडा काढायला घरचे तयार नसतात. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य गावोगाव इतकं पक्कं बसलंय, की बायोप्सीला नकार देऊन लोक महिनोन्‌महिने अंदाजावर औषधं घेतात. बहुतांश कॅन्सरमध्ये बायोप्सीने आजार पसरत नाही. वृषणाची गाठ किंवा अंडाशयातली संशयास्पद गाठ यांसारख्या मोजक्या ठिकाणी सुई टाळतात. ते डॉक्टरांना ठाऊक असतं आणि तिथे शस्त्रक्रियेची आखणीच वेगळी करतात.

‘दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर पहिले रागावतील.’ राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क म्हणून नोंदलेला आहे. पण दुसरं मत म्हणजे फाईलची झेरॉक्स दुसऱ्या टेबलावर ठेवणं, एवढ्यावर भागत नाही. चुकीच्या रिपोर्टची झेरॉक्स तीच चूक पुढे नेते. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपून ठेवलेला असतो. तो ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्यात आणि कॅन्सरचं काम रोज करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्याव्यात. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक अशा फेरतपासणीसाठी घेतात. माझ्या मते केमो सुरू होण्याआधीचे काही दिवस यासाठी खर्च करणं सर्वांत मोलाचं. आजाराला तेवढी उसंत आहे का, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावं.

‘निदान चुकलं, म्हणजे डॉक्टरांवर केस.’ इथे राग समजण्यासारखा आहे, पण कायदा दोन गोष्टींत फरक करतो. २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निर्णयातली प्रत्येक चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्या परिस्थितीत सामान्य कौशल्याच्या डॉक्टरने जे केलं असतं ते केलं का, हे पाहिलं जातं. तक्रार करायची असेल तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करावी लागते. केस करा न करा, कागद आधी मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात.

यातलं सर्वांत जड म्हणजे घरातला दोष. ‘तुम्ही गावातल्या डॉक्टरांवरच विसंबलात’, ‘वहिनी, तुम्हीच काढा देत बसलात’, ‘दादा आधी मुंबईला घेऊन गेला असता तर’. उत्तर कळल्यावर जुना एक्स-रे पाहिला की डाग ढळढळीत दिसतो. रेडिओलॉजिस्टनाही तो तसाच दिसतो, कारण आता कुठे पाहायचं हे माहीत असतं. त्या दिवशी ते माहीत नव्हतं. शिवाय फुप्फुसाच्या ऊतीला वेदना कळत नाही. म्हणून हा कॅन्सर निदान न चुकताही पुष्कळदा उशिराच सापडतो. गेलेल्या महिन्यांनी काही फरक पडला नाही, अशी खोटी समजूत कोणाला घालू नये. काही कॅन्सरमध्ये पडतो, काहींत फारसा नाही. तो किती पडला हे काका-मामांना ठरवता येत नाही. उपचार करणाऱ्या ऑन्कोलॉजिस्टना सरळ विचारावं आणि मिळालेलं उत्तर घरात सगळ्यांना एकदाच, एकत्र सांगावं.

कॅन्सरऐवजी टीबी निघाला की घरात पेढे वाटतात, आणि मग गोळ्यांकडे दुर्लक्ष होतं. टीबीही जीव घेतो. साध्या टीबीचा कोर्स किमान सहा महिन्यांचा असतो, सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळतात, आणि फुप्फुसाचा टीबी असेल तर घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्यावी लागते.

शेवटी ज्याचा आजार त्याच्याविषयी. ‘बाबांना काही सांगू नका, खचतील’ असं ठरवून फाईल कपाटात ठेवली जाते. पण गोळ्या घेऊनही वजन उतरतंय, आवाज बसतोय, रात्री पाठ दुखतेय हे आधी बाबांनाच कळतं. आपल्याला नेमकं काय झालंय म्हणतात आणि कोणत्या लक्षणाने काळजी करायची, हे त्यांना ठाऊक नसेल तर पुढच्या भेटीत ते डॉक्टरांना ‘बरं आहे’ एवढंच सांगतात, आणि चुकलेलं निदान आणखी महिनाभर तसंच चालतं.