चेक इंजिनचा दिवा: कोड वाचला म्हणजे बिघाड कळला?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की गाडीमालकांच्या तीन तऱ्हा दिसतात. काहीजण घाबरून गाडी तिथेच उभी करतात आणि टोइंगवाल्याला फोन लावतात. काहीजण त्या दिव्यासोबत वर्षभर सुखाने संसार करतात आणि गाडी विकायच्या आदल्या दिवशी तो घालवून घेतात. तिसरे कोपऱ्यावरच्या गॅरेजात जातात, मेकॅनिक स्कॅनर लावतो, पडद्यावर आलेलं नाव मोठ्याने वाचतो आणि त्या नावाचा पार्ट मागवतो. खिशाच्या हिशेबाने पाहिलं तर ही तिसरी तऱ्हा सर्वांत महागात पडते. गाडी दहा-बारा वर्षांची असेल तर जास्तच, कारण तिथे एका सेन्सरची किंमतसुद्धा गाडीच्या उरलेल्या किमतीत बोचते.

‘दिवा लागला, म्हणजे इंजिन गेलं’

हा दिवा जन्माला आला तो इंजिन वाचवायला नाही, हवा वाचवायला. कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाने १९८८ पासून गाड्यांनी आपल्या धूर-नियंत्रणावर स्वतःच लक्ष ठेवावं असा नियम केला; या स्वतपासणीलाच ओबीडी म्हणतात. १९९६ पासून त्याची सुधारित आवृत्ती, म्हणजे ओबीडी-२, अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना लागू झाली. आपल्याकडे बीएस-४ च्या गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं. त्यामुळे पिवळा दिवा बहुतेक वेळा एवढंच सांगत असतो, की सायलेन्सरमधून बाहेर पडणारा धूर ठरलेल्या मर्यादेबाहेर जातोय किंवा जाण्याची शक्यता आहे. ऑइलचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा वर चढला तर गाडी ताबडतोब थांबवायची असते. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घरी जाता येतं, शनिवारपर्यंत थांबताही येतं.

अपवाद एकच, आणि तो लक्षात ठेवायलाच हवा. दिवा लुकलुकायला लागला तर इंजिन जोरात मिसिंग करतंय. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली जाळी प्रमाणाबाहेर तापते आणि वितळूही शकते. अशा वेळी पाय हलका करावा, जमेल तितक्या लवकर गाडी बाजूला घ्यावी. शंभर किलोमीटर अशीच रेटली तर कॉइलच्या खर्चात भागणारं काम कन्व्हर्टरच्या खर्चावर जातं.

‘स्कॅनरने पार्टचं नाव सांगितलं’

खरा घोळ इथे आहे. कोडची रचना सोपी आहे. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, एक असेल तर त्या कंपनीचा खास. तिसऱ्या जागी १ किंवा २ असेल तर इंधन-हवा, ३ म्हणजे ठिणगी आणि मिसिंग, ४ म्हणजे धूर-नियंत्रणाची जोडयंत्रणा. म्हणजे कोड आपल्याला गल्ली सांगतो, घर नंबर नाही.

उदाहरण म्हणून पी०१७१ घ्या. अर्थ: मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. हा निष्कर्ष इंजिनचा संगणक काढतो तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळच्या ऑक्सिजन सेन्सरवरून. हा सेन्सर पेट्रोल बघत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन कळतो. धुरात ऑक्सिजन उरला तर व्होल्टेज ०.१ च्या आसपास पडतं, नाही उरला तर ०.९ पर्यंत चढतं, आणि निरोगी गाडीत ते सतत या दोहोंमध्ये झुलत असतं. संगणक त्या झुल्यावर नजर ठेवून पेट्रोल कमीजास्त करतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती टक्क्यांत मोजतात. दहा टक्क्यांच्या आत असेल तर कोणी विचारत नाही. बेरीज वीस-पंचवीसच्या घरात गेली, की संगणक हात टेकतो आणि दिवा लावतो.

आता एका बारा वर्षांच्या हॅचबॅकच्या बॉनेटखाली बघू. कोड पी०१७१. आयडलवर ट्रिम अधिक २२, अडीच हजार आरपीएमला मात्र अधिक ५. पडद्यावर ‘पातळ’ असं लिहिलेलं, पण प्लग काढून बघावेत तर टोकं काजळीने काळीकुट्ट. मिश्रण पातळ असतं तर प्लग फिके, पांढरट दिसले असते. मग खरं कोण बोलतंय? प्लग. सकाळी गार इंजिन चालू केलं की मॅनिफोल्डपाशी बारीक टिकटिक ऐकू येते आणि पाच मिनिटांत धातू तापून फुगला की ती बंद होते. गॅस्केट एका कोपऱ्यात फुटलेली आहे. धुराच्या दोन धक्क्यांमध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि तो इमानेइतबारे ‘पातळ’ म्हणून ओरडतो. संगणक बिचारा पेट्रोल वाढवत बसतो. आरपीएम वाढलं की धुराचा दाब वाढतो, हवा शिरायला वाव उरत नाही, म्हणून आकडा पाचवर येतो. इथे ऑक्सिजन सेन्सर बदलला तर नवा सेन्सरही तेच सांगणार. काम होतं काही शे रुपयांच्या गॅस्केटचं आणि ती बसवायच्या मजुरीचं.

मिसिंगचंही असंच. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर तिथला ऑक्सिजन न वापरता तसाच बाहेर येतो आणि सेन्सर पुन्हा ‘पातळ’ म्हणतो, जरी तिथून चमचाभर कच्चं पेट्रोलही बाहेर पडत असलं तरी. म्हणून पी०१७१ सोबत पी०३०० च्या घरातला कोड असेल तर आधी मिसिंग शोधायचं.

यूट्यूबवरच्या अमेरिकन व्हिडिओंबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. पी०१७१ आला की ते हमखास इनटेकच्या फुटक्या नळीकडे बोट दाखवतात. त्यांच्या गाड्यांत ते बहुतेकदा खरंही असतं, कारण तिथे आत जाणारी हवा वजनाने मोजणारा सेन्सर असतो आणि त्याच्या पुढे शिरलेली हवा हिशेबात येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. नळी फुटली की दाब वाढतो, संगणक तेवढं पेट्रोल वाढवतो, आणि मिश्रण फारसं पातळ न होता आयडल नुसतं चढून बसतं. अशा गाडीत आधी बघावा तो पेट्रोलचा दाब: टाकीतला पंप थकलाय का, फिल्टर तुंबलाय का. ओळख सोपी आहे. आयडलवर ट्रिम बरी आणि घाटात, जोर लागला की वाढत जाणारी.

एक प्रकारचे कोड त्यातल्या त्यात विश्वासाचे असतात, ते म्हणजे वायरिंगचे. पी०१३५ किंवा पी०१४१ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर तापवणाऱ्या हीटरचं सर्किट. हीटर जळला असेल तर सेन्सर बदलावाच लागतो. पण त्याआधी फ्यूज बघावा आणि वायर हाताने चाचपावी. पावसाळ्यात बॉनेटखाली उबेला येऊन बसणारे उंदीर काय करतात, ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

‘पी०४२०? कन्व्हर्टर बदला, नाहीतर काढूनच टाका’

भारतात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले ते १ एप्रिल १९९५ ला, चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींसाठी. शिशाने ती जाळी निकामी होते, म्हणून त्यांच्यासोबतच शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं. जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर असतो. तिची आणखी एक करामत म्हणजे ती ऑक्सिजन साठवून ठेवते आणि लागेल तसा सोडते. म्हणून पुढचा सेन्सर झुलत असताना कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत बसलेला दिसतो. साठवण संपली की मागचाही पुढच्याची नक्कल करत झुलू लागतो, आणि संगणक पी०४२० लिहितो.

या कोडवर गॅरेजात पहिला बळी जातो मागच्या सेन्सरचा, आणि तो बहुतेकदा फुकट जातो. विचार करा, सेन्सर म्हातारा झाला की सुस्तावतो, कमी हलतो. कमी हलणारा मागचा सेन्सर कन्व्हर्टरला उलट चांगलं ठरवेल! तो जोरात झुलतोय म्हणजे त्याची तब्येत ठणठणीत आहे.

मग कन्व्हर्टरच गेला का? कदाचित. पण आधी सायलेन्सरच्या जोडांतली गळती बघावी, गाडी मिसिंग करत नाही ना ते बघावं, आणि मुख्य म्हणजे इंजिन ऑइल पितंय का ते विचारावं. ऑइलमधला फॉस्फरस जाळीवर थर धरतो. हजार किलोमीटरला पाव-अर्धा लिटर ऑइल टाकावं लागणाऱ्या गाडीत नवा कन्व्हर्टर बसवणं म्हणजे पुढच्या पी०४२० ची तारीख ठरवणं.

‘जाळी काढली की पिकअप वाढतो’ हे ठामपणे सांगणारे सर्वत्र भेटतात. जाळी वितळून तुंबलेली असेल तर फरक पडतो हे खरं. चांगल्या जाळीने छोट्या गाडीचा पिकअप जाणवण्याइतका अडत नाही. काढलेल्या जाळीतल्या धातूंना भंगारात चांगला भाव येतो, हेही त्या सल्ल्यामागचं एक कारण असू शकतं. मागचा सेन्सर एका छोट्या नळीवर बाहेर सरकवून दिवा घालवण्याची युक्तीही चालते. दिवा जातो, धूर तोच राहतो.

‘बॅटरीची तार काढली, दिवा गेला, विषय संपला’

बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये दिसल्याशिवाय संगणक दिवा लावत नाही. म्हणजे दिवा लागला तेव्हा गोष्ट एकदाची नव्हती. त्या क्षणी आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, वेग काय, ट्रिम किती, हे सगळं तो एका नोंदीत गोठवून ठेवतो. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात आणि निदानासाठी ती कोडइतकीच मोलाची असते. बॅटरीची तार काढली किंवा स्कॅनरवर ‘क्लिअर’ दाबलं की ही नोंद आणि शिकलेली ट्रिम, बहुतेक गाड्यांत दोन्ही पुसली जातात. शिवाय स्वतपासणीच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींना हे चांगलं ठाऊक असेल. तिथे तपासणीवाला थेट ओबीडीच्या सॉकेटमधून माहिती काढतो आणि पायऱ्या अपुऱ्या दिसल्या की परत पाठवतो.

दोष खरोखर दुरुस्त झाला असेल तर तीन चांगल्या फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. कोड क्लिअर करायचाच असेल तर आधी पडद्याचा फोटो काढून ठेवावा. मेकॅनिकला तसं स्पष्ट सांगावं. सांगितलं नाही तर सवयीने त्याचं बोट आधी ‘क्लिअर’वरच जातं.

‘पण पीयूसी तर पास झाली’ हाही एक युक्तिवाद ऐकू येतो. पीयूसीत सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. आयडलवर बीएस-४ पेट्रोल गाडीला मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम, बीएस-३ ला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. नायट्रोजनची ऑक्साइडं त्यात मोजलीच जात नाहीत, आणि घाटात जोर लागल्यावर काय होतं तेही उभ्या गाडीत दिसत नाही. त्यामुळे दिवा लागलेली गाडी पीयूसीत पास होणं यात चमत्कार काही नाही.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट लावा म्हणजे दिवा जाईल, हा सल्लाही अमेरिकेतूनच आलेला. तिथल्या गाड्या टाकीतून वाफ गळते का ते दाबाने तपासतात. आपले नियम युरोपच्या धर्तीचे, त्यामुळे आपल्या बहुतेक जुन्या गाड्या ही तपासणी करतच नाहीत. झाकण घट्ट लावायला हरकत काहीच नाही.

‘सेन्सर खराब नाही, मग इंधनच भेसळीचं’

भेसळ असू शकते, पण अलीकडे एक साधं कारणही आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जाळायला १४.७ किलो हवा लागते; वीस टक्के इथेनॉल मिसळलं की साधारण साडेतेरा. म्हणजे दहा टक्क्यांच्या पेट्रोलवरून विसाच्या पेट्रोलवर गेलेल्या जुन्या गाडीला तेवढ्याच हवेत चारेक टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. ट्रिम शून्याजवळ असलेल्या गाडीला हे सहज झेपतं. थकलेल्या पंपामुळे आधीच अधिक अठरावर असलेली गाडी मात्र त्या चार टक्क्यांनी दिवा लावते, आणि दोष पंपाऐवजी पंपावरच्या पेट्रोलला दिला जातो.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांची कथा वेगळी. सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्या संगणकाकडून इंजेक्टरचा वेळ घेतं आणि त्याचं गॅसच्या वेळेत रूपांतर करतं. हे ट्यूनिंग चुकलं की पेट्रोलची ट्रिम बिघडते आणि गाडी पेट्रोलवर घेतली तरी काही काळ चुकीचीच राहते. शिवाय गॅसला ठिणगी जास्त जोराची लागते, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा कमजोर कॉइल आधी गॅसवर मिसिंग करते, पेट्रोलवर नाही. अशा गाडीत स्कॅनरच्या आधी करायची गोष्ट म्हणजे चार दिवस निव्वळ पेट्रोलवर चालवणं आणि ट्रिम खाली येते का ते पाहणं. आली, तर गाडी सीएनजीवाल्याकडे न्यावी, सेन्सर विकणाऱ्याकडे नको.