मटण आधी चिवट का होतं? टेंभुर्णीतले टाको आणि अर्धवट डेटा



मागच्या महिन्यात आठवडाभर टेंभुर्णीला घरी होते. अण्णांनी कवळी बसवल्यापासून मटण जवळजवळ सोडलंय. रश्शात भाकरी चुरायची आणि फोडी बाजूला सारायच्या, एवढंच. म्हटलं, मेक्सिकन टाको करून बघू. त्यात मांस तासन्‌तास मंद शिजवतात आणि मग त्याचे धागे सोडवतात. चावायचे फारसे कष्टच नाहीत!

रविवारी बोकडाचं मटण आणलं. तासाभराने फोड चाखली तर रबरासारखी. मला वाटलं, जास्त शिजलं. गॅस बंद केला. अण्णांनी दोन घास खाल्ले आणि उरलेलं ताटाच्या कडेला ठेवलं. बोलले काहीच नाहीत.

माझा निष्कर्ष साफ उलटा होता. मटण जास्त नाही, कमी शिजलं होतं.

एका भांड्यात दोन प्रक्रिया

मांसात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक म्हणजे स्नायूंचे तंतू आणि दुसरी म्हणजे ते बांधून ठेवणारं कोलॅजेन. उष्णता दिली की दोन्ही बदलतात, पण वेगवेगळ्या गतीने.

तंतूंमधली प्रथिनं साधारण ५० ते ७५ अंशांदरम्यान आकसतात आणि पाणी बाहेर पिळून टाकतात. हे पटकन होतं, म्हणून मटण आधी घट्ट होतं.

कोलॅजेनचं जिलेटिन होणं मात्र संथ असतं. ते ६०-७० अंशांच्या पुढे सुरू होतं, तापमान वाढेल तसा वेग वाढतो, तरी तास लागतात. जनावर जितकं वयस्क, तितके कोलॅजेनमधले बंध पक्के आणि वेळ जास्त. पायाचं सूप रात्रभर ठेवलं की सकाळी थलथलीत गोठतं ना, ते हेच जिलेटिन.

आता चिवटपणाचा आलेख डोळ्यासमोर आणा. तो आधी वर चढतो, मग हळूहळू उतरतो. मी बरोबर शिखरावर थांबले होते. एकच मोजमाप घेतलं आणि त्यावरून अख्खी गोष्ट रचली.

दुसरा प्रयत्न, या वेळी नीट

मेक्सिकोत हलिस्को प्रांतात बोकडाची ‘बिरिया’ करतात, तर हिदाल्गोकडे मेंढीचं ‘बार्बाकोआ’ घायपाताच्या पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात शिजवतात. रायगडातली पोपटी आठवा, कल्पना तीच. घायपात आपल्याकडे बांधावर दिसतं, पण कच्च्या पानांच्या रसाने अंगाला खाज सुटते, त्या वाटेला जाऊ नका. मी घरच्या जाड बुडाच्या पातेल्यात केलं.

- मटण १ किलो, खांदा आणि मान. खाटकाला आधीच सांगा, ‘बारीक करू नका, मोठे तुकडे ठेवा.’ या भागांत कोलॅजेन भरपूर असतं.
- ब्याडगी मिरच्या ८ आणि तिखटपणासाठी संकेश्वरी २. बिया काढून गरम पाण्यात भिजवायच्या.
- कांदा १, टोमॅटो २, लसूण ८ पाकळ्या, जिरे, लवंगा ३, दालचिनीचा छोटा तुकडा, २ चमचे व्हिनेगर, मीठ.

कांदा, टोमॅटो, लसूण भाजून मिरच्या आणि मसाल्यांबरोबर वाटा. वाटण गाळून मटणाला लावा, तासभर ठेवा. मग दोन पेले पाणी घालून एक उकळी आणा आणि आच अगदी बारीक करा. आई ताटलीत पाणी घालून ती झाकण म्हणून ठेवते, तसंच करा. वाफ परत आत गळते आणि ताटलीतलं गरम पाणी लागेल तसं रश्शात घालता येतं. अधूनमधून बुडबुडा यायला हवा. त्याहून थंड भांड्यात मटण तासन्‌तास ठेवू नका, जंतू वाढण्याचा धोका असतो.

या वेळी सुरू करायच्या आधीच वहीत लिहिलं: ‘शिजलं म्हणजे काट्याने नुसतं ओढल्यावर धागे सुटले पाहिजेत.’ दर अर्ध्या तासाने एकाच तुकड्यावर काटा लावला. एक तास: घट्ट. दोन तास: कडेला सुटतंय, मध्ये नाही. पावणेतीन तास: हाड आपोआप बाजूला आलं.

कुकरमध्ये लवकर होत नाही का? होतं. आपल्या पठारावर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, कुकरमध्ये तापमान १२० पर्यंत जातं. पण मध्ये उघडून बघता येत नाही, आणि शिट्टी हे काही वेळेचं एकक नाही.

मग नेहमी वाटच बघायची का?

नाही! हा मुद्दा नीट घ्या. कोंबडीच्या छातीचं मांस असंच तीन तास ठेवलं तर ते कोरडं होत जाईल, कारण त्यात कोलॅजेन फार कमी असतं. तिथे चिकाटी कामाची नाही. प्रयोग मध्येच बिघडलेला दिसला की थांबायचं की पुढे जायचं, हे जिद्दीवर ठरत नाही. आत कोणती प्रक्रिया चालू आहे आणि तिला किती वेळ लागतो, हे माहीत असेल तरच वाट बघण्याला अर्थ आहे.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना तीन प्रश्नांची उत्तरं आधी लिहा. शेवट कशाला म्हणणार? मोजमाप किती वेळा घेणार? आणि मधलं मोजमाप वाईट आलं तर ते अपेक्षित आहे का?

आणि टाको?

मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याच्या पोळ्या करतात. चुन्यामुळे पीठ एकजीव होतं. आपण ज्वारीच्या पिठात आधणाचं पाणी घालतो ते त्याचसाठी, गरम पाण्याने पिठूळ भाग फुगतो आणि चिकटपणा येतो. आईने पुरीएवढ्या पातळ भाकऱ्या थापल्या. गरम असतानाच दुमडायच्या, गार झाल्या की तडकतात. आत मटणाचे धागे, चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू.

अण्णांनी एक टाको हातात धरून उलटसुलट पाहिला, मग ताटात ठेवून रश्शात चुरला. या वेळी कडेला काही उरलं नाही.

तुमच्या प्रयोगात असं ‘शिखरावर थांबणं’ कधी झालंय का? वहीची जुनी पानं चाळा आणि सोडून दिलेला एक तरी प्रयोग या तीन प्रश्नांनी तपासून बघा.