सुधारलेलं पुन्हा बिघडवून पाहिलं

अमेरिकेतल्या सिएटल शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बालवाडीत, तीन वर्षं ओलांडलेली एक मुलगी दाखल झाली. तिला चालता येत होतं, पण शाळेत आली की ती रांगायची, नाहीतर जमिनीवर बसून राहायची. कुणी बोलायला आलं की तोंड फिरवायची. बाईंनी कुठल्याही प्रेमळ बाईंनी केलं असतं तेच केलं. तिच्याशेजारी बसल्या, चुचकारलं, उठ म्हणून विनवलं. मुलगी रांगतच राहिली.

मग शाळेने शिरस्ता बदलला. ती जमिनीवर असेल तोवर तिच्याकडे खास लक्ष द्यायचं नाही. रागवायचं नाही, फक्त आपल्या कामात राहायचं. ती उभी राहिली की मात्र लगेच जवळ जायचं, बोलायचं, तिच्या खेळात सामील व्हायचं. आठवडाभरात ती इतर मुलांसारखी चालू-फिरू लागली.

एखाद्या शाळेने इथेच समाधान मानलं असतं. पालकसभेत सांगायला छान गोष्ट झाली होती. या बालवाडीने मात्र पुढे जे केलं ते ऐकून पालकांच्या कपाळावर आठ्या पडतील. त्यांनी शिरस्ता मुद्दाम उलटा केला. रांगताना लक्ष, चालताना दुर्लक्ष. दोनच दिवसांत मुलगी पुन्हा बहुतेक वेळ जमिनीवर! त्यानंतर परत पहिल्यासारखं सुरू केलं आणि ती परत पायांवर आली. फ्लॉरेन्स हॅरिस, माँट्रोज वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग 1964 मध्ये प्रसिद्ध केला.

हा खटाटोप कशासाठी? मूल एरवीही वाढत असतंच. शाळेत रुळलं असेल, घरी काही बदललं असेल, सर्दी-खोकला गेला असेल. एकदाच झालेल्या सुधारणेचं श्रेय कुणीही घेऊ शकतं, उपाय करणाराही आणि गंडा बांधणाराही. पण उपाय काढला की वागणं मागे जातं, लावला की पुढे येतं आणि हे पुन्हा पुन्हा घडतं, तेव्हा योगायोगाला जागा फारशी उरत नाही. उपायाआधीच्या नोंदींना ‘ए’ आणि उपायाच्या काळाला ‘बी’ म्हणतात, म्हणून या रचनेचं नाव ‘एबीएबी’.

औषधांच्या चाचणीत माणसांचे दोन गट करतात आणि सरासऱ्यांची तुलना होते. इथे मुलाची तुलना त्याच्याशीच. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगशाळेतून आलेला हा हट्ट आहे. वर्गातली निम्मी मुलं सुधारली आणि निम्मी बिघडली तर सरासरी जागची हलत नाही, आणि समोर बसलेल्या एका मुलाचं काय करायचं हे ती सांगू शकत नाही. मला हा मुद्दा बिनतोड वाटतो. अर्थात त्याची किंमत मोजावी लागते, कारण मोजमाप रोज करावं लागतं. ‘मस्ती करतो’ ही नोंद चालत नाही. काय केलं, किती वेळा, किती वेळ, हे दोन निरीक्षक एकमेकांच्या वहीत न डोकावता लिहितात आणि त्यांच्या नोंदी निदान 80 टक्के जुळाव्यात, असा दंडक आहे.

कधी कधी उलटफेर संशोधकांच्या मनात नसतानाही होतो. 1964 मध्येच वुल्फ, टॉड रिसली आणि हेडन मीस यांनी स्वमग्न असलेल्या साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकिकत लिहिली. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतली भिंगं काढली होती. चष्मा लावला नाही तर दृष्टी जाणार, आणि हा चष्मा लावायलाच तयार नव्हता. हळूहळू लावायला शिकला, पण मग दिवसातून दोनेकदा भिरकावू लागला. भिरकावला की दहा मिनिटं खोलीत, असा नियम केल्यावर पाच दिवसांत प्रकार थांबला. तो या नियमामुळेच थांबला का, याबद्दल तो ज्या रुग्णालयात होता तिथले कर्मचारी साशंक होते, म्हणून नियम मागे घेतला. तीनेक आठवड्यांत चष्मा पुन्हा उडू लागला. नियम परत आला आणि आठवड्याच्या आत फेकाफेक बंद. शंकेखोरांनी विज्ञानाचं कामच केलं म्हणायचं.

पण हे सगळीकडे चालत नाही. वाचायला शिकलेलं मूल उपाय काढला म्हणून निरक्षर होत नाही. आणि भिंतीवर डोकं आपटणारं मूल थांबलं असेल, तर पुराव्यासाठी त्याला पुन्हा आपटू देणं हा क्रूरपणा ठरेल. अशा वेळी उपाय काढण्याऐवजी टप्प्याटप्प्याने लावतात. व्हान्स हॉल आणि सहकाऱ्यांचा 1970 चा लेख याचा नमुना आहे. पाचवीच्या वर्गातली मुलं सुट्टीनंतर उशिरा परतायची. शिक्षिकेने वेळेवर येणाऱ्यांची नावं ‘आजचे देशभक्त’ म्हणून तक्त्यावर लावायला सुरुवात केली, पण आधी फक्त दुपारच्या मोठ्या सुट्टीसाठी. नंतर सकाळच्या आणि शेवटी दुपारनंतरच्या छोट्या सुट्टीसाठी. प्रत्येक सुट्टीतला उशीर तिच्या पाळीलाच घटला, आधी नाही. एकदम तिन्हीकडे घटला असता तर श्रेय पावसापाण्याला किंवा मुख्याध्यापकांच्या दमदाटीलाही देता आलं असतं. त्याच लेखातला आणखी एक प्रयोग एका आईने घरी केला. मुलीचा क्लॅरिनेटचा सराव, छंदाचा प्रकल्प आणि वाचन या तिन्हींना असाच एकेक करून नियम लावला. अर्ध्या तासात जितकी मिनिटं कमी भरतील, तितकी मिनिटं आधी झोपायचं!

कॅन्सस विद्यापीठातले डोनाल्ड बेअर, वुल्फ आणि रिसली यांनी 1968 मध्ये वागणुकीचा असा अभ्यास करणाऱ्या शाखेच्या नव्या नियतकालिकात या दोन्ही रचना मांडल्या. आजही त्या वापरात आहेत. एका मुलावर सिद्ध झालेलं दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उतारा एकच, तोच प्रयोग वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या मुलांवर पुन्हा करायचा.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो रचनेच्या कक्षेबाहेरचा आहे. वागणं बदललं हे आलेख दाखवतो, ते बदलायला हवं होतं का, हे दाखवत नाही. हात फडफडवणं किंवा नजर न मिळवणं यांत कुणाचं काय बिघडत होतं, असा सवाल अनेक स्वमग्न प्रौढ आता करतात. वुल्फ यांनीच 1978 मध्ये लिहिलं होतं, की उद्दिष्ट, पद्धत आणि परिणाम या तिन्हींबद्दल संबंधित माणसांना विचारायला हवं. विचारलं जातं ते बहुतेकदा आईवडिलांना आणि शिक्षकांना. मुलाची पाळी क्वचितच येते.