तळाचे दफ्तर

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील गांधी मैदानावर सायंकाळी खेळणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, आपल्या पायांखाली एके काळी वरुणतीर्थ नावाचे तळे होते. परंतु वरुणतीर्थ वेस हे नाव अद्याप लोकांच्या तोंडी आहे, आणि मोठ्या पावसात मैदानात पाणी तुंबले म्हणजे ते तळे आपली जुनी वहिवाट सांगावयास आले आहे असे वाटते. कपिलतीर्थाची मंडई झाली, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. तळे बुजविता येते. उताराने येणारे पाणी मात्र बुजविता येत नाही. ते रंकाळा तलावाकडील वस्तीचे सांडपाणी पोटात घेऊन दुधाळी नाल्याने, आणि शहराच्या दुसऱ्या अंगाने जयंती नाल्यावाटे, पंचगंगेला मिळते. कळंब्याच्या बाजूने येणाऱ्या आणि वाटेत गोमतीला भेटणाऱ्या या जयंतीला करवीर क्षेत्राची परंपरा नदी म्हणते. नाला हे नाव तिला आपल्या वर्तनाने मिळाले.

या प्रवाहांविषयी बोलताना आपण पाण्याचा रंग आणि वास यांवरून निर्णय देतो. पण पाणी हे वाटसरू आहे, आषाढातील एका पुराने ते निर्मळ दिसू लागते. खरी नोंद राहते ती तळाच्या गाळात. उन्हाळ्यात पाणी आटले असता नाल्याच्या तळात काठी खुपसून पाहावी: बुडबुडे वर येतात, कुजक्या अंड्याची दुर्गंधी सुटते, आणि काठीला काळाकुट्ट चिखल लागतो. तो चिखल काही वेळ उघड्या हवेत राहिला तर त्याचा वरचा थर हळूहळू तपकिरी होतो. मैला आणि खरकटे यांचे विघटन करताना जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवितात. तो संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड निर्माण करतात, आणि त्याचा लोहाशी संयोग होऊन काळे लोहसल्फाइड बनते. हवा लागताच त्याचा गंज होतो, म्हणून रंग पालटतो. त्या काळेपणाचा अर्थ इतकाच की, तेथे श्वास घेण्याजोगे काही उरलेले नाही. माशांना मात्र प्रत्येक लिटर पाण्यात निदान 4 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो.

गाळाचे कण जितके सूक्ष्म, तितके त्यांचे पृष्ठफळ अधिक. म्हणून शिसे, जस्त, तांबे हे धातू आणि रस्त्यांवरून धुऊन आलेले तेल चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून राहते. स्फुरदाचेही तसेच; मात्र प्राणवायू संपताच गाळ ते पुन्हा पाण्यात सोडतो, आणि त्यावर शेवाळ व केंदाळ माजते. सांडपाणी मिसळणाऱ्या रंकाळ्याने हे दुःख पुष्कळ भोगले आहे. बाहेरून येणारी घाण बंद झाली तरी तळाची जुनी बाकी वर्षानुवर्षे वसूल होत राहते, ती अशी.

तजवीज झालीच नाही असे नाही. कसबा बावड्याचे केंद्र दररोज 7 कोटी 60 लक्ष लिटर आणि दुधाळीचे 1 कोटी 70 लक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करू शकेल अशा क्षमतेचे आहे. परंतु जयंतीचे पाणी उपसून बावड्यास न्यावे लागते, आणि उपसा बंद पडला की ते थेट नदीची वाट धरते. शिवाय ही केंद्रे पाण्यासाठी आहेत. नाल्याच्या तळाशी आधीच साठलेल्या गाळाचा बंदोबस्त त्यांच्याने होत नाही. पावसाळ्यापूर्वी गाळ काढण्याचा शिरस्ता आहे. पण काढलेला गाळ काठावरच ढीग घालून ठेवला तर पहिल्याच वळवाने तो होता तेथे परततो, आणि केलेला खर्च पाण्यात जातो. गाळ काढल्यावर त्याची तपासणी झाली पाहिजे, आणि तो कोठे नेऊन टाकला याचा जाहीर हिशेब नगरवासियांना मिळाला पाहिजे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

2012 साली नदीच्या खालच्या अंगाला इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, आणि माणसे दगावली. मैलामिश्रित पाण्यातून ही व्याधी पसरते. आपल्या मोरीतून निघालेले पाणी पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीपर्यंत जाते, आणि तेथे ते कृष्णेला मिळते.