नळाची चावी

घरात एखादी वस्तू वर्षभर नुसती पडून असली की तिचं काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कामाला लावायची, नाहीतर भंगारवाल्याच्या तराजूत टाकायची. याच हिशेबाने मी गेल्या वर्षी एक गोष्ट केली आणि ती चांगलीच अंगाशी आली.

आमच्या मागच्या अंगणातल्या नळाची चावी झिजून नुसतीच गरगर फिरत होती. प्लंबर आला. म्हणाला, "वहिनी, घरात एखादी जुनी चावी असेल तर बघा, उगाच नवीन नळ कशाला?" मला एकदम आठवलं. चिरंजीवांच्या टेबलाचा खण आवरताना मऊ फडक्यात गुंडाळलेली, कडेला खाचा असलेली एक चकचकीत चावी दिसली होती. दिली काढून. ती बसेना, तेव्हा त्याने कानशीने आतलं भोक मोठं केलं, वरून दोन ठोके घातले आणि बसवली. फुकटात काम झालं म्हणून मी खूश!

मुलगा तेव्हा मुलाखतीसाठी नाशिकला गेला होता. त्याची थोडी हकीगत सांगायला हवी. मेकॅनिकलचा डिप्लोमा रखडत पूर्ण केला, दोन वर्षं नोकरी केली आणि ती कंपनीच बंद पडली. तेव्हापासून घरी. जेवायला बोलावलं की यायचा, ताटाकडे बघून जेवायचा, खोलीत जायचा. मी बचत गटाचं आणि समुपदेशनाचं काम करते. दुसऱ्यांच्या मुलांशी तासन् तास बोलते. माझ्या स्वतःच्या मुलाशी मात्र "भाजी घे" आणि "दिवा बंद कर" यापलीकडे वर्षभरात काही बोलणं झालं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण आहे ते आहे.

तर तो नाशिकहून आला. सवयीने मागे पाय धुवायला गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येईना म्हणून मी डोकावले, तर हा नळासमोर उकिडवा बसलेला, चावीवर हात ठेवून. चिडला असता तर बरं झालं असतं. चिडला नाही.

मी म्हटलं, "अरे, नळाचीच तर चावी ती!"

"हो आई," तो म्हणाला. "तीच तर गंमत आहे."

आणि मग त्या पायरीवर बसून तो जे बोलला, ते रात्री जेवणं झाल्यावरही चालू होतं.

'स्टार वॉर्स' नावाचा अमेरिकन सिनेमा १९७७ साली आला. अंतराळातली लढाई, यंत्रमानव, आणि एक म्हातारा गुरू, ओबी-वॅन. आपल्या द्रोणाचार्यांच्या जातीचा समजा. त्याच्याकडे प्रकाशाची तलवार असते. मूठ हातात धरायची, कळ दाबली की तेजाचं पातं बाहेर. सिनेमा अमेरिकन असला तरी त्याचं बरंचसं चित्रीकरण १९७६ साली लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत झालं. पैसे बेताचे होते. सेट सजवणारे रॉजर ख्रिश्चन यांनी मग विमानांच्या भंगाराचा आधार घेतला. नायकाच्या तलवारीची मूठ म्हणजे लंडनच्या एका फोटोग्राफीच्या दुकानात सापडलेला ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या फ्लॅशचा दांडा. वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार पूर्वी वापरायचे तो. त्याला प्लॅस्टिकच्या पट्ट्या गोंदाने चिकटवल्या, कॅल्क्युलेटरमधली एक पट्टी लावली, झाली दिव्य तलवार. पुढच्याच वर्षी, १९७८ साली, ख्रिश्चन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. मला हे ऐकून आपल्या रुखवताची आठवण झाली. शेवयांचं घरटं, लवंगांची होडी. हाताशी आहे त्यातून आपण काय काय उभं करतो! फक्त आपल्याला कुणी ऑस्कर देत नाही.

गुरूची तलवार तर त्याहून भारी. वरचं टोक म्हणजे रोल्स-रॉइसच्या डर्वेंट जेट इंजिनातली एक नळी. मधला भाग पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रायफल ग्रेनेडचा. त्याखाली ब्राउनिंग मशीनगनचा एक सुटा भाग. फ्लॅशच्या दांड्याची पकड इथेही आहे. आणि अगदी खाली, बुडाशी काय? आर्मिटेज शँक्स ही इंग्लंडमधली न्हाणीघराचं सामान बनवणारी जुनी कंपनी. तिच्या नळाची चावी!

"म्हणजे तुझा तो ऋषी नळाची चावी हातात घेऊन लढतो?" मी विचारलं. चिरंजीव हसले. किती दिवसांनी ते दात दिसले.

जगभर असे छंदिष्ट लोक आहेत, की ज्यांना ही मूठ जशीच्या तशी करायची असते. बाजारात खेळण्यातली मिळते, पण ती यांना चालत नाही. सिनेमातल्या दृश्यांवरून, जुन्या फोटोंवरून यांनी एकेक भाग ओळखला. काही भाग कशाचे आहेत, हे समजायलाच कित्येक वर्षं गेली. कुणी म्हणतं मूळ जुनेच भाग हवेत, कुणी म्हणतं मापात तंतोतंत घडवलेले चालतील. यांच्यामुळे ग्राफ्लेक्सच्या जुन्या फ्लॅशचे भाव इतके चढले, की जुने कॅमेरे जमवणारे यांच्यावर खार खाऊन असतात. फोटोत मुठीवर ओरखडा दिसला तर हे लोक आपल्या मुठीवरही नेमका तिथेच ओरखडा काढतात. मी कपाळाला हात लावला. आपण नव्या भांड्याला ओरखडा पडू नये म्हणून जीव टाकतो!

आणि खऱ्या वस्तूंचे भाव विचारू नका. याच मालिकेतल्या डार्थ व्हेडर या खलनायकाची एक तलवार २०२५ सालच्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसच्या लिलावात ३६ लाख डॉलरच्या वर गेली.

माझ्या मुलाने ती चावी नणंदेच्या मुलीकडून, बर्मिंगहॅमहून मागवली होती. जुन्या वस्तूंच्या बाजारात तिला ती मिळायला आठ महिने लागले. किती पौंड पडले, ते त्याने मला आजतागायत सांगितलेलं नाही. नोकरीतले साठलेले शेवटचे पैसे होते, एवढं मात्र कळलं. मी काय उधळून बसले होते ते तेव्हा ध्यानात आलं. रात्री झोप लागली नाही. ह्यांना उठवून सांगितलं, तर म्हणाले, "नळाची चावी ना? दुसरी आणू." म्हणजे दुपारी मी जे बोलले, तेच.

सकाळी मीच त्याला म्हटलं, "चल, आपण ती दुरुस्त करून आणू." मी येते म्हटल्यावर त्याला काय करावं सुचेना. आमच्या गावाबाहेरच्या एमआयडीसीत एक लेथवाले काका आहेत, शेतीच्या पंपांची कामं करतात. त्यांनी चावी हातात फिरवली आणि आमच्याकडे असं पाहिलं, की मायलेक दोघंही कामातून गेलेत! मग मुलाने वही उघडली. त्यात संपूर्ण मुठीची चित्रं होती, समोरून, बाजूने, मधोमध कापल्यासारखी. प्रत्येक मापाशी आकडा. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. वर्षभर बंद खोलीत तो काय करत होता, ते मी पहिल्यांदा पाहिलं.

काकांचं हसू ओसरलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला. "हे आटे असे येणार नाहीत," म्हणाले. "येतील," हा म्हणाला. अर्धा तास दोघांचा वाद. मी बाहेर बाकावर बसून चहा घेतला. दोघंही मला विसरून गेले होते, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

चावीच्या मोठ्या झालेल्या भोकात पितळेचा बुश बसवला. बाकीचे भाग ॲल्युमिनियमच्या सळीतून घडवायचे ठरलं. ग्रेनेडच्या नावालाच माझा विरोध होता, तेव्हा खरा भाग शोधायचा प्रश्नच नव्हता. पहिले दोन तुकडे वाया गेले. एक मापात चुकला, एक हातातून पडून पोचला. काका म्हणाले, सळीचे पैसे नकोत, रोज सकाळी येऊन पंपाच्या कामाला हात लाव. तो जायला लागला. अजून जातो. मिळतं ते बेताचंच, आणि नाशिकच्या मुलाखतीचं काही झालं नाही. नातेवाईक विचारतात, "सध्या काय करतो?" मी सांगते, लेथवर काम करतो. पूर्वी विषय बदलायचे.

मूठ पुरी व्हायला सात महिने लागले. फूटभराच्या आतबाहेरची, हातात धरली की जड लागते. त्याने मला सिनेमा दाखवला. सगळा काही कळला नाही, पण तलवारीचा घुमणारा आवाज ऐकून मी दचकले. तो आवाज बेन बर्ट नावाच्या माणसाने जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या नळीची गुणगुण एकत्र करून बनवला, असं मुलाने सांगितलं. लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा बघताना पाठीमागून जी घरघर यायची, तीच की ही! आमच्या वयाच्या बायकांनी ती ऐकलेली आहे.

मूठ आता त्याच्या टेबलावर असते. चावीच्या कडेला प्लंबरच्या पकडीचा एक ओरखडा राहिलाय. मी म्हटलं, पॉलिश करून घे. तो म्हणाला, "हा फोटोत नाहीये." मग थोडं थांबून म्हणाला, "राहू दे." 

मागच्या नळाला अजून नवी चावी बसलेली नाही. तूर्त आम्ही पकडीने फिरवतो.