पटाची जोडी, बेहड्याची पानं आणि शेवटचं अर्धं मिनिट

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात धानाची मळणी उरकली की दोनच गोष्टींची चर्चा असते: दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक. पटाच्या कडेला उभं राहून कान दिले की असं काहीतरी ऐकू येतं.

"काकाजी, कोनती जोडी?"

"तांबडी. पन थांब, सुटू दे आधी. मान कशी टाकते ते पाहू, मंग सांगतो."

काकाजींच्या त्या "सुटू दे आधी" या तीन शब्दांवर आज जगात अब्जावधींचा धंदा चालतो. खेळ चालू असतानाच लावायची पैज, म्हणजे लाइव्ह बेटिंग. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलवर, म्हणजे एनबीएवर, ती फार वेगाने चालते. त्या खेळाच्या आणि पैजेच्या काही गमती इथे सांगतो. सुरुवात घरापासूनच करू.

एका खर्ऱ्याची पैज

पटात बैलजोडी किती वेळ धावते? काही सेकंदच. तेवढ्यात धुरकऱ्याचा तोल, उजव्या बैलाची ओढ आणि डाव्याची बिचकण, सगळं दिसून जातं. जाणकार शेतकरी अर्ध्या वाटेवरच निकाल सांगतो, आणि शेजारच्याशी एका खर्ऱ्याची किंवा चहाची पैज मारतो. ही पैज मला मनापासून आवडते, कारण हरणारा आणि जिंकणारा दोघं तो खर्रा मिळून खातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे पट थांबवले होते. डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर झाडीपट्टीतली मैदानं पुन्हा भरली.

कोंबडबाजाराचं मात्र तसं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात कोंबड्यांच्या पायाला लोखंडी काती बांधून झुंजी लावतात, दोन्ही बाजूंनी नोटा नाचवल्या जातात आणि पोलिसांची धाड पडली की मोटारसायकली तिथेच टाकून माणसं पळतात. प्राण्यांना छळण्याचा गुन्हा वेगळा आणि जुगाराचा वेगळा. इथेही झुंज रंगत असतानाच पैजा वाढतात, म्हणजे पद्धत तीच. रक्त सांडणाऱ्या त्या खेळात मला पाहण्यासारखं काही वाटत नाही.

विदर्भाच्या वाटेवरचं झाड

पैजेच्या गणिताची फार जुनी गोष्ट आपल्याच वाटेवर घडली आहे. द्यूतात राज्य हरलेला नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भाच्या राजकन्येने, दमयंतीने, दुसऱ्या स्वयंवराचा निरोप धाडला आणि दोघं भरधाव कुंडिनपूरकडे निघाले. हे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर असं आपण मानतो. वाटेत एक बेहडा दिसला. ऋतुपर्णाने रथातूनच त्याच्या दोन फांद्यांवरची पानं आणि फळं सांगितली. फळं दोन हजार पंच्याण्णव! नलाने रथ थांबवला, झाड पाडलं आणि फळं मोजली. आकडा बरोबर निघाला. राजा म्हणाला, मला फाशांचं मर्म कळतं, म्हणून मोजणीही येते. मग नलाने घोड्यांची विद्या देऊन ती विद्या घेतली.

सगळं झाड न मोजता थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज काढणं म्हणजे आजचं संख्याशास्त्र. इयन हॅकिंग या कॅनडाच्या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या जन्मावर १९७५ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात ही कथा आवर्जून घेतली आहे. वेदकाळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. हा बेहडा आपल्या जंगलात जागोजाग उभा आहे. हिरडा आणि आवळ्याबरोबर त्रिफळा चूर्णात पडतो तोच. नलाच्या अंगातून निघालेला कली या झाडात शिरला, असंही महाभारत सांगतं.

टोपलीतला चेंडू

आता बास्केटबॉलकडे येऊ. डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने दहा फुटांवर पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या आणि अठरा मुलांना खेळायला सोडलं. टोपलीला बूड होतं, त्यामुळे चेंडू पडला की वर चढून काढावा लागे. पहिल्या सामन्याचा निकाल लागला १-०. अख्ख्या सामन्यात एकच टोपली!

आजचा वेग आला तो एका साध्या भागाकारातून. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनने मिनियापोलिसला १९-१८ असं हरवलं. चेंडू दाबून धरून बसायचा कंटाळवाणा डाव खेळून हा विजय मिळाला होता, आणि एनबीएमधली सगळ्यात कमी गुणांची लढत अजून हीच आहे. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब मांडला. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा चेंडू फेकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. भागा १२० ने. उत्तर २४. १९५४ पासून चोवीस सेकंदांत चेंडू फेकलाच पाहिजे असा नियम झाला. क्रिकेटमध्ये षटकांच्या मध्ये श्वास घ्यायला मिळतो, इथे दर चोवीस सेकंदांच्या आत काहीतरी घडतंच. चालू पैजेला हाच खेळ का फावला, ते यावरून कळतं.

मुंबईकरांनी हा वेग डोळ्यांनी पाहिला आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचा भारतातला पहिला सामना झाला. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे ज्या संघाचे मालक, ते सॅक्रमेंटो किंग्ज एका बाजूला आणि इंडियाना पेसर्स दुसऱ्या बाजूला. प्रेक्षकांत शाळकरी मुलंच मुलं. सामना जादा वेळेत गेला आणि किंग्ज १३२-१३१ असे एका गुणाने हरले.

"आता गेला" म्हणायचं नाही

या वेगात हातचे गेलेले सामनेही फिरतात. २७ नोव्हेंबर १९९६. मध्यंतराला युटा जॅझ डेन्व्हरच्या ३६ गुणांनी मागे, ३४-७०. संपताना निकाल युटाच्या बाजूने, १०७-१०३.

९ डिसेंबर २००४. ह्यूस्टनच्या ट्रेसी मॅकग्रेडीने शेवटच्या ३५ सेकंदांत १३ गुण ठोकून सामना ८१-८० असा काढला. ह्यूस्टनमधले कितीतरी प्रेक्षक तोवर घरच्या वाटेला लागले होते.

डावपेच काय, आणि गणित काय?

चालू सामन्यावर पैज लावणारे काय पाहतात? मुख्य खेळाडूचे फाउल: सहा झाले की तो बाहेर. आदल्या रात्री तो संघ दुसऱ्या शहरात खेळला होता का? सलग गुण जात असताना प्रशिक्षक टाइम-आउट कधी घेतो? राखीव पाच मैदानात आहेत की पहिले पाच? मागे पडलेला संघ शेवटी मुद्दाम फाउल करून घड्याळ थांबवतो, त्यामुळे शेवटची दोन मिनिटं कधी कधी पंधरा मिनिटंही चालतात. ही सगळी निरीक्षणं खरी आहेत आणि सामना पाहताना त्यांनी फार मजा येते. फक्त भाव ठरवणाऱ्या संगणकात ती आधीच भरलेली असतात.

"आज त्याचा हात तापलाय" हे वाक्यही तसंच. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी फिलाडेल्फियाच्या खेळाडूंच्या फेकी तपासून हा भास आहे असं म्हटलं. २०१८ मध्ये मिलर आणि सानहुर्हो यांनी त्या मोजणीतलीच चूक दाखवली. पंडितांचं जिथे तेहतीस वर्षं एकमत होत नाही, तिथे चोवीस सेकंदांत आपण काय ठरवणार?

आता पैशांचा हिशेब. दोन्ही संघ तुल्यबळ, शंभर रुपये लावले तर जिंकल्यावर वर नव्वद. शंभर पैजा मारल्या आणि पन्नास जिंकल्या. आले ४,५००, गेले ५,०००. निम्म्या वेळा बरोबर ठरूनही पाचशेचा खड्डा. बावन्न जिंकल्या तरी १२० रुपये तोटाच. त्रेपन्नावी जिंकाल तेव्हा कुठे ७० रुपये हातात. म्हणजे शेकडा पाच रुपये दर पैजेला कापले जातात. दिवसाला एकच पैज असेल तर ते जाणवत नाही. मोबाइलवर एका सामन्यात तोच हजार वीस वेळा फिरवला, तर सरासरीने हजारच्या हजार गेले. डावपेच कितीही असोत, पैजांची संख्या वाढवणं हाच समोरच्याचा डावपेच आहे.

आपल्याकडच्या बुकींचा "४०-४२" हा भाव त्याच जातीचा. आवडत्या संघाच्या बाजूने लावाल तर शंभरावर चाळीस मिळणार, विरुद्ध लावून तो जिंकला तर बेचाळीस जाणार. मधले दोन बुकीचे. सट्टापट्टीतही, म्हणजे मटक्यात, दोन आकड्यांच्या जोडीला शक्यता शंभरात एक आणि देणं एकास नव्वद. न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावांवर मुंबईत सुरू झालेल्या त्या आकड्यांनी "ओपन" आणि "क्लोज" हे शब्द खेड्यापाड्यात नेले.

एक अडचण आणखी. तुमच्या पडद्यावरचा सामना खऱ्यापेक्षा काही सेकंद मागे असतो, आणि मैदानात बसलेल्याला टोपली आधी दिसते. २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपन टेनिसमध्ये असे गुण मैदानातून तत्काळ बाहेर कळवणाऱ्या एका माणसाला मेलबर्नमध्ये अटक झाली होती. आरोप पुढे मागे घेतले गेले.

आणि खेळणारा किंवा पंचच फितूर असेल तर? एनबीएचे पंच टिम डोनही यांनी २००७ मध्ये पैजेच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला आणि पुढे तुरुंगात गेले. २० मार्च २०२४ रोजी टोरोंटोचा जोंटे पोर्टर तीन मिनिटं खेळला आणि बरं नाही म्हणून बाहेर बसला. तो कमी गुण करणार यावर आधीच पैसे लागले होते. एप्रिलमध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली. अशा रात्री फाउल मोजत बसलेल्या कुठल्या काकाजींचा अंदाज खरा ठरला असता?

कायदा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, त्याला फसलेला मानलं आहे. मला हे योग्य वाटतं. धान विकून आलेला पैसा मोबाइलच्या एका रात्रीत संपवलेल्या पोराला बेड्यांपेक्षा कुणीतरी जवळ बसून बोलण्याची गरज असते. तुमच्या घरात किंवा वस्तीत असं कुणी असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक लावा. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि पलीकडे मराठीत बोलतात.